माती तुडवणे आणि माती मळणे



कुंभार म्हटले की आपल्यासमोर चाक उभे राहते. लहानपणीच्या पुस्तकातील चित्रात चाकच असते, आणि जत्रेत कोणी कुंभार काम दाखवू लागला तर गर्दी जमते तीही चाकाभोवतीच. त्यात नवल नाही. मातीचा ओबडधोबड गोळा बघता बघता वर चढतो, पोट धरतो, गळा काढतो. हे शंभर वेळा पाहिले तरी पुन्हा पाहावेसे वाटते. परंतु घागरीचा आकार चाकावर उतरायला जो वेळ लागतो तो मिनिटांत मोजण्याचा असतो. ती माती चाकावर चढण्याच्या लायकीची व्हायला मात्र दिवसच्या दिवस जातात. त्या दिवसांकडे कोणी पाहायला जात नाही, कारण पाहण्यासारखे तेथे काही नसते. एक खड्डा, त्यात चिखल, आणि तो तुडवणारे दोन पाय. आज बोलायचे आहे ते या चिखलाविषयी.

वैशाखात हा विषय काढायला दुसरेही निमित्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सध्या माठ किंवा डेरा मांडलेला असेल. त्यातले पाणी गार का होते याचे उत्तर शाळेतला मुलगाही देईल. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते, आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी असे उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेते, म्हणजे थोड्या पाण्याच्या मोबदल्यात पुष्कळ पाणी गार होते. येथवर ठीक आहे. पण माठ पाझरतो तो किती आणि कशाने? फार पाझरला तर सकाळी भरलेला माठ दुपारी अर्धा. पाझरलाच नाही तर पाणी कोमट. हे प्रमाण चाकावर ठरत नाही. मातीत काय मिसळले आणि ते किती एकजीव केले, त्यावर ते ठरते. भाजणीचा त्यात वाटा आहे, पण भाजणी येते शेवटी.

आता आपल्या आष्टी भागाच्या मातीपासून सुरुवात करू. एका बाजूला बालाघाटाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला सीना नदी, आणि मधली जमीन उंचवट्यावर हलकी, मुरमाड, तर ओढ्यानाल्यांच्या काठाने काळी, भारी. दोन्हींचे मूळ एकच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला त्याचा हा काळा पाषाण, आणि तो झिजून, कुजून झालेली ही माती. काळ्या मातीत जे अतिशय बारीक चिकण द्रव्य असते त्यातला मुख्य घटक माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज होय. फ्रान्समधील एका गावावरून त्याला हे नाव १८४७ साली पडले, पण त्याच्या करामती आपल्या शेतकऱ्याला त्याच्या किती तरी आधीपासून ठाऊक आहेत. पाऊस पडला की जमीन फुगते, पायाला चिकटून वहाण जड होते. उन्हाळ्यात तीच जमीन आकसते आणि हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात.

हे का होते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सर्व यावर उभे आहे. चिकण मातीचा कण हा वाळूच्या कणासारखा गोल किंवा खडबडीत नसतो. तो पत्त्याच्या पानासारखा चपटा असतो, आणि इतका लहान की मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यांतल्या एका भागाहूनही लहान. अशा पानांच्या मध्ये पाण्याचा पातळ थर गेला की पाने एकमेकांवरून सरकतात, पण सुटत नाहीत. ओल्या काचेवर दुसरी ओली काच ठेवून पाहा. ती सरकवता येते, उचलता येत नाही. मातीला हवा तसा आकार देता येतो आणि दिलेला आकार ती धरून ठेवते, ते एवढ्यामुळेच. माँटमोरिलोनाइटची गोष्ट आणखी पुढची. त्याच्या प्रत्येक पानाच्या थराथरांतही पाणी शिरते. एक ग्रॅम खनिजाचे सगळे थर उलगडून पसरले तर ते सुमारे आठशे चौरस मीटर जागा व्यापतील असा हिशेब शास्त्रज्ञ करतात. एवढ्या पृष्ठभागावर पाणी धरणारी माती वाळताना किती आकसेल याची कल्पना करा. म्हणून जी काळी माती कापसाला मानवते ती एकटी मडक्याला मानवत नाही. नुसत्या तिचे मडके केले तर ते सावलीतच वाळता वाळता उलते.

कुंभार म्हणून शेताच्या मधली माती घेत नाही. तळ्याचा किंवा ओढ्याच्या वळणावरचा गाळ तो पसंत करतो, कारण तेथे वाहत्या पाण्यानेच चाळणीचे काम केलेले असते आणि चिकण मातीबरोबर बारीक रेतीही बसलेली असते. बहुधा एका जागेच्या मातीवर भागतही नाही. एक चिकट आणि एक भुसभुशीत अशा दोन माती मिसळाव्या लागतात. त्यांचे प्रमाण कोणत्याही पुस्तकात नाही. ते त्या गावच्या त्या ओढ्यापुरते असते आणि त्या घरापुरते असते.

आपल्याकडच्या मातीत आणखी एक खोडी आहे, ती म्हणजे चुनखडी. काळ्या मातीत पांढुरके खडे असतात हे सर्वांनी पाहिले आहे. असा हरभऱ्याएवढा खडा मडक्याच्या अंगात राहिला तर कच्चे असेपर्यंत काही कळत नाही. आव्यात सातशे-आठशे अंशांच्या पुढे उष्णता गेली की त्याचा कळीचा चुना होतो. मडके बाहेर निघते ते धडधाकट. मग तो चुना हवेतली ओल पिऊ लागतो, फुगतो, आणि चार-आठ दिवसांनी गिऱ्हाइकाच्या घरी मडक्याचा टवका उडतो. गिऱ्हाईक म्हणते भाजणी कच्ची. भाजणी उत्तम असते. खडा राहिलेला असतो. तो खडा सापडण्याच्या जागा दोनच, तुडवताना तळपायाला आणि मळताना बोटांना.

माती आणली की आधी ती उन्हात पूर्ण वाळवतात. ज्याला भिजवायचेच आहे त्याला वाळवायचे कशाला, असा प्रश्न शहाण्या माणसालाही पडतो. करून पाहण्याजोगा प्रयोग आहे. एक खडखडीत वाळलेले ढेकूळ आणि एक अर्धवट ओले ढेकूळ पाण्यात टाका. वाळलेले ढेकूळ बुडबुडे सोडत काही मिनिटांत विरघळून खाली बसते; ओले ढेकूळ तासाने काढले तरी आत गाठ तशीच. वाळलेल्या मातीच्या छिद्रांत पाणी एकदम शिरते, आतली हवा कोंडते आणि ढेकूळ आतून फुटते. ओल्या ढेकळाची छिद्रे आधीच भरलेली असतात, म्हणून पाणी बाहेरच राहते. वाळवणे, बडवणे, चाळणे आणि मग खड्ड्यात भिजत घालणे हा क्रम असा सकारण आहे. भिजलेली माती जितकी मुरेल तितकी चांगली. मुरलेल्या मातीला एक आंबूस वास येतो, तो तिच्यातल्या सूक्ष्म जंतूंचा. त्यांच्यामुळे माती अधिक लवचीक होते.

मग तुडवणे. भिजलेल्या मातीवर राख, चाळलेली लीद किंवा भुसा पसरून टाचेने दाबीत दाबीत फेरा घ्यायचा, एका पावलाच्या ठशाला लागून दुसरे पाऊल, मधून कडेकडे आणि कडेवरून पुन्हा मध्ये. एक फेरा झाला की फावड्याने खालची माती वर आणायची आणि पुन्हा तेच. या कामाला डोळे लागत नाहीत. कोठे कोरडे राहिले, कोठे खडा आहे, कोठे पाणी जास्त झाले, हे सर्व तळपाय सांगतो. तासन् तास एकाच तालावर शरीर चालू असते आणि मन मोकळे असते.

येथे तेरच्या गोरोबाकाकांची आठवण होणारच. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले हे तेर. तेथे गोरा कुंभार होऊन गेले आणि त्यांची समाधीही तेथेच आहे. विठ्ठलाच्या नामात रंगून माती तुडवीत असता रांगत आलेले पोर पायाखाली आले आणि त्यांना ते कळले नाही, ही कथा महाराष्ट्रात ठाऊक नाही असे घर नसेल. कीर्तनकार ती भक्तीची कथा म्हणून सांगतात आणि तशी ती आहेच. परंतु ज्याने कधी चिखल तुडवला आहे त्याला तिच्यात कुंभारकामाची जाणही दिसते. ही घटना चाकावर घडलेली सांगितली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता, कारण चाकावर नजर हलली की मडके गेले. नजरेची गरज नसलेले, तालात चालणारे आणि म्हणून नामस्मरणाला सर्वांत सोयीचे असे काम तुडवण्याचेच. तेराव्या-चौदाव्या शतकातले मराठवाड्यातले कुंभारकाम कसे चाले याचा याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल.

तुडवून झाले म्हणजे माती तयार झाली असे नाही. पायाने मोठा ढीग सारखा होतो, पण जो गोळा चाकावर बसायचा त्याला हात लागावा लागतो. येथे आमच्या भगिनींना परिचित असा कणकेचा दृष्टान्त मी देणार आहे, पण अर्धाच. पुरणपोळीची कणीक तिंबताना आपण तिला घडी घालतो, ओढतो, आपटतो. जितकी तिंबावी तितका तिच्यात ताण येतो. गव्हाच्या कणकेत तो ताण धरणारे एक द्रव्य असते. मातीत ते नाही. म्हणून मातीला घडी घालायची नसते. घडी घातली की दोन पृष्ठभागांच्या मध्ये हवा अडकते आणि पापुद्रा राहतो.

मातीचा गोळा दगडी फरशीवर किंवा फळीवर ठेवून, खाली चिमूटभर राख भुरभुरून, दोन्ही तळहातांच्या टाचांनी तो पुढे आणि खाली दाबायचा, बोटांनी पुढची कड किंचित उचलून आपल्याकडे घ्यायची, थोडा फिरवायचा आणि पुन्हा दाबायचे. जोर खांद्याचा, दंडाचा नव्हे. माणूस कमरेतून पुढे झुकतो आणि शरीराचे वजन हातावर येते. दाब फार खोल गेला तर घडी पडते, उथळ गेला तर आतली माती हलतच नाही. बेताचा दाब असला की दर वेळी आतली माती बाहेर आणि बाहेरची आत अशी फिरत राहते, आणि गोळ्यावर आपोआप वळ्या उमटतात. जपानमध्ये या वळ्यांना शेवंतीच्या पाकळ्यांची उपमा देऊन या पद्धतीला शेवंती-मळणे असे नाव दिले आहे, आणि तेथील कुंभारांत शिकाऊ मुलाने पहिली तीन वर्षे माती मळण्यातच घालवावी अशी म्हण आहे. आपल्याकडे अशी म्हण नाही. कुंभाराच्या मुलाला ही तीन वर्षे खेळता खेळताच मिळत, हे कदाचित त्याचे कारण असावे.

मळून किती झाले हे ओळखायचे कसे? तार किंवा ताणलेला दोरा घेऊन गोळा मधोमध कापावा. कापलेली बाजू लोण्यासारखी एकरंगी दिसली, तिच्यात भोके, रेघा, गडद-फिके पट्टे दिसले नाहीत, तर माती झाली. दुसरी परीक्षा बोटाएवढी वळी करून ती बोटाभोवती गुंडाळण्याची. वाकताना बाहेरच्या अंगाला चिरा पडल्या तर चिकण माती कमी, पाणी कमी किंवा मळणे कमी. हाताला चिकटून लोंबली तर पाणी जास्त. पाण्याच्या बाबतीत ही माती फार हळवी आहे. एका गोळ्यात एक भाग ओला आणि एक कोरडा राहिला तर चाकावर ओला भाग आधी धावतो, भिंत एकीकडे पातळ होते आणि मडके डुलू लागते. मोठ्या भांड्यांना तर हे फारच भोवते. आपल्याकडचे माठ-रांजण चाकावर पूर्ण होत नाहीत. चाकावर जाड अंगाचे लहान भांडे काढून ते जरा सुकवतात आणि मग आतून गोळा धरून बाहेरून थापटण्याने ठोकीत ठोकीत त्याचे पोट वाढवतात. मळताना राहिलेली प्रत्येक गाठ आणि प्रत्येक पोकळी त्या थापटण्याखाली उघडी पडते.

हवेच्या पोकळीवरून एक समज सर्वत्र रूढ आहे, तो दुरुस्त करून पुढे जाऊ. मातीत हवा राहिली की मडके आव्यात फुटते, असे म्हणतात. हवा तापली तर प्रसरण पावते हे खरे, परंतु कच्चे मडके सच्छिद्र असते, हवा वाट काढते. फोडणारे असते ते पाणी. वरून वाळलेल्या दिसणाऱ्या जाड बुडात ओल राहिलेली असते. आवा शंभर अंशांवर गेला की तिची वाफ होते, आणि पाण्याची वाफ होताना तिला मूळच्या सोळाशेपटीहून अधिक जागा लागते. ती वाफ बाहेर पडण्याइतका वेळ मिळाला नाही की मडक्याचा धमाका होतो, आणि एक मडके फुटले की त्याच्या ठिकऱ्यांनी शेजारची चार जातात. पोकळीचा गुन्हा एवढाच की तिच्याजवळ ओल साचून राहते आणि भिंत तेथे कमजोर असते. नीट मळलेली माती सगळीकडून सारखी सुकते, हे तिचे खरे संरक्षण.

आता लीद, राख आणि भुशाकडे येऊ. नागर मंडळींना लिदीचा उल्लेख थोडा खटकतो. खटकू नये. मडके आव्यात जाते तेव्हा लिदीतल्या गवताच्या बारीक काड्या जळून जातात आणि त्यांच्या जागी सूक्ष्म नळ्या उरतात. माठ पाझरतो तो या नळ्यांमधून. शिवाय कच्च्या मडक्यात याच काड्या केसांसारखे धागे होऊन माती धरून ठेवतात, सुकताना भेग पडू देत नाहीत. आणि आव्यात वाफेला वाट करून देतात. राख आणि रेती आकसण्याचे प्रमाण कमी करतात. म्हणून पाण्याच्या माठाची माती वेगळी, चुलीवरच्या तवलीची वेगळी, आणि संक्रांतीच्या सुगडाची किंवा दिवाळीच्या पणतीची आणखी वेगळी. चुलीवरच्या भांड्यात रेती जास्त हवी, नाही तर आचेच्या चढउताराने ते तडकते. आणि हे सर्व घालूनही ते जर एका बाजूला गोळा होऊन राहिले तर माठ एकीकडून गळेल आणि दुसरीकडून कोरडा राहील. मळण्याचे महत्त्व पुन्हा येथे येते.

हा विवेक आजचा नाही. संगमनेरजवळ जोर्वे येथे १९५०-५१ साली डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले, आणि तेथे सापडलेल्या मडक्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले. पुढे नेवासे, दायमाबाद आणि घोड नदीवरचे इनामगाव येथेही तीच मडकी मिळाली. तीन हजार वर्षांपूर्वीची ही भांडी लाल, त्यांवर काळ्या रंगाची नक्षी, आणि टिचकी मारली तर धातूसारखा आवाज. माती इतकी बारीक गाळून घेतलेली की तिच्यात खडा शोधावा लागतो. त्याच वस्त्यांत साठवणीचे मोठे रांजण आणि लहान मुलांना पुरण्याचे कुंभ सापडतात, ते मात्र भरड मातीचे, हाताने घडवलेले. एकाच गावात माती तयार करण्याच्या दोन निरनिराळ्या रीती जाणूनबुजून वापरल्या जात होत्या. ही गावे आपल्यापासून फार दूरची नाहीत, आणि माती तर त्याच काळ्या पाषाणाची.

माती तयार करण्याचे हे काम घरात कोण करते, हेही सांगितले पाहिजे. चाकावर परंपरेने पुरुष बसतो. माती वाहणे, बडवणे, चाळणे, भिजवणे, पुष्कळदा तुडवणे आणि मळणेसुद्धा, हे बायकांच्या वाट्याचे. बलुत्याच्या काळात धान्य मिळे ते कुंभाराच्या नावाने, आणि आज बाजारात किंमत सांगतो तोही कुंभारच. कुंभारणीचे नाव भाषेत आहे, हिशेबात नाही. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेची चाके आणि त्यांबरोबर माती कालवण्या-मळण्याची यंत्रे देण्याची मोहीम हाती घेतली, ही समाधानाची गोष्ट होय. पण माझे मत स्पष्ट आहे. जेथे दोन्ही देणे शक्य नसेल तेथे आधी मळण्याचे यंत्र द्यावे आणि मग चाक. विजेचे चाक मिळाले की दिवसाला मडकी वाढतात. मडकी वाढली की माती वाढते. आणि ती माती पायाने तुडवायची असेल तर चाकावरच्या माणसाचे श्रम वाचून खड्ड्यातल्या बाईचे दुप्पट होतात.

दुसरा प्रश्न मातीचाच. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. तलावातला गाळ काढून तो शेतात टाकायचा, तलाव खोल आणि रान कसदार. आपल्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात हिला विरोध करणारा माणूस शहाणा म्हणता येणार नाही. तरीही गावात कुंभाराचे एखादे घर असेल तर यंत्र लावण्यापूर्वी त्याला विचारावे की तुझी माती कोणत्या कोपऱ्यातली. जो थर त्याच्या आजापणजाने पारखून ठेवला, तो एका उन्हाळ्यात मुरमापर्यंत खरवडला गेला तर नवा थर बसायला किती पावसाळे लागतील, आणि तो तसाच असेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. त्याला लागणारी माती ती किती? दोन-चार गाड्या. तेवढा कोपरा ग्रामसभेच्या एका ठरावाने राखता येईल.

शेवटी बाजारात माठ घेताना काय पाहावे, हे विचारले जाईलच. बोटाच्या पेराने तीन-चार ठिकाणी वाजवून पाहावे. आवाज सगळीकडे सारखा आणि खणखणीत हवा; एका जागी बद्द वाजले तर तेथे चीर आहे किंवा भिंत जाड राहिली आहे. आत हात घालून तळ चाचपावा. बाहेरून पांढरा ठिपका दिसला आणि त्याच्या भोवती केसासारखी रेघ असेल तर तो चुनखडीचा खडा समजावा आणि दुसरा माठ उचलावा. घरी आणल्यावर एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावा. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात तोच माठ पाणी गार करीनासा झाला तर त्यात कुंभाराचा दोष नाही. आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षार त्याच्या छिद्रांत बसलेले असतात. काथ्याने बाहेरून घासून तो दोन दिवस कडक उन्हात पालथा घालावा. एवढे करूनही पाझरला नाही तर त्यात डाळ भरून ठेवावी आणि पाण्यासाठी नवा आणावा.